घरच्या वायफायचा ताबा ऑपरेटरकडून स्वतःकडे घेताना

राउटर सुरक्षित करायचा म्हटलं की वायफायचा पासवर्ड बदलून बहुतेक जण मोकळे होतात. पण राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायला जोडून घेण्याचा आणि दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, म्हणजे ॲडमिनचा. पहिल्याने फाटक उघडतं, दुसऱ्याने घराची कुलपंच बदलता येतात. केबल ऑपरेटरकडून फायबर घेतलेल्या घरात हा दुसरा पासवर्ड अनेकदा घरच्यांकडे नसतोच. तो ऑपरेटरच्या ऑफिसात असतो, डबा म्हणजे ऑपरेटरचा राउटर बसवून गेलेल्या लाईनमनकडे असतो, आणि एकच पासवर्ड बऱ्याच घरांतल्या डब्यांना चालतो.

जुळे सोलापुरातल्या एका दुमजली घराचं हे काम जानेवारीच्या सुरुवातीला हाती घेतलं आणि फेब्रुवारीत संपलं. खाली घरच्यांचे मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि मोबाइलवरून चालणारे स्मार्ट प्लग, वर भाडेकरू. यातलं तांत्रिक काम फार नाही. वेळ गेला तो ऑपरेटरकडून हवी ती माहिती मिळवण्यात, आणि लोक अडतात तेही तिथेच.

सुरुवात पाहणीने केली. राउटरचा पत्ता शोधायला फोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ बघायचा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिनचं पान येतं. डबा उलटा केला की पोटाखाली स्टिकर दिसतो: मॉडेल, सिरियल नंबर, मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक), वायफायचं मूळ नाव, त्याचा पासवर्ड आणि खाली बारीक अक्षरांत यूजर नेम व पासवर्ड. या स्टिकरचा आधी फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात डबा तापून ती अक्षरं पुसट होतात.

स्टिकरवरच्या पासवर्डने लॉगिन झालं, पण ते ‘यूजर’ खातं निघालं. त्यात फक्त वायफायचं नाव, पासवर्ड आणि जोडलेल्या उपकरणांची यादी. फायरवॉल (बाहेरून नको ते आत येऊ न देणारी सोय), बाहेरून प्रवेशाची सेटिंग, फर्मवेअर (राउटर चालवणारा आतला प्रोग्राम) हे काहीच दिसत नव्हतं. तुमच्याही पानावर डावीकडे तीन-चारच मेनू दिसत असतील, तर खरा ॲडमिन दुसरा कुणीतरी आहे असं समजा.

जोडलेल्यांची यादी वाचणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगत नाहीत, प्रत्येक नेटवर्कला बनावट देतात. त्यामुळे नावावरून ओळखत बसण्यापेक्षा घरातल्या एकेका उपकरणाचं वायफाय बंद करायचं आणि यादीतली कोणती ओळ गळते ते बघायचं. फिंग नावाच्या ॲपने हे काम सोपं होतं. सगळं बंद केल्यावरही इथे एक टीव्ही उरला. तो शेजारच्या घरातला होता. त्यांचं नेट बंद पडलं तेव्हा कधीतरी पासवर्ड दिला होता, तेव्हापासून जोडलेला. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण दिलेला पासवर्ड आपोआप परत येत नाही, बदलावा लागतो.

वायफायचा पासवर्ड म्हणून बसवणाऱ्याने ग्राहकाचा मोबाइल नंबर टाकला होता. ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की यावर थोडं सविस्तर लिहितो. फोन वायफायला जोडतो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. रस्त्यावर उभा राहून ती कुणीही टिपू शकतो. टिपली की तो घरी जातो आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर एकेक पासवर्ड ताडून बघतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे शक्यता झाल्या ४०० कोटी. गेमिंगचं एक ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड ताडतं. हिशोब करा: ४,००० सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळे नंबर संपतात. मालकाचा नंबर दुकानाच्या पाटीवर असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

‘आमच्या वायफायमध्ये कुणाला काय मिळणार’ असं विचारणाऱ्यांसाठी एक घटना पुरेशी आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून पाठवला गेला, आणि तपास आधी त्या घरी पोहोचला. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला.

यूजर खात्यातून जेवढं करता येत होतं तेवढं लगेच उरकलं. वायफायचं नाव बदललं, कारण जुन्या नावात आडनाव आणि मजला दोन्ही होतं. डब्ल्यूपीएस बंद केलं. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ही सोय आहे, पण तिची घडण कच्ची असल्याचं डिसेंबर २०११ मध्येच उघड झालं. शेवटचा आकडा फक्त पडताळणीचा असतो आणि उरलेले सात चार आणि तीन अशा दोन भागांत वेगवेगळे तपासले जातात. म्हणजे कोटभर शक्यतांऐवजी जेमतेम ११,००० उरतात. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे वायफायवरची माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतींच्या, यादीत ‘टीकेआयपी’ किंवा ‘टीकेआयपी + एईएस’ दिसलं तर फक्त एईएस ठेवा, टीकेआयपी जुनी आणि कमकुवत आहे. टीकेआयपीवर वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही, त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार कधी कधी इथेच मिटते.

नवीन पासवर्ड ठरवताना एक अडचण येते ती टीव्हीच्या रिमोटची. चिन्हं आणि लहान-मोठी अक्षरं मिसळलेला पासवर्ड रिमोटने टाकताना घरचे वैतागतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो सोपा करून टाकतं. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ. कडबा, खिडकी, हुलगे, टपाल, शिडी असे. वाक्य नको, गाण्याची ओळ नको, घरातल्यांची नावं नकोत. जाडजूड शब्दकोश डोळे मिटून उघडायचा आणि बोट पडेल तो शब्द घ्यायचा. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. देवनागरी इथे चालत नाही.

आता ऑपरेटर. फोनवर उत्तर मिळालं की ॲडमिन पासवर्ड ग्राहकाला देत नाही. त्यांचं कारण अगदीच गैर नव्हतं: ग्राहक आतली सेटिंग हलवतो, नेट बंद पडतं आणि तक्रार त्यांच्याकडेच येते. म्हणून मागणी बदलली. तुमचा पासवर्ड नको, डबा ब्रिज मोडवर टाकून द्या. पुढे राउटर माझा. ब्रिज मोडमध्ये ऑपरेटरचा डबा फक्त फायबरचा प्रकाश लॅन केबलमध्ये उतरवतो. लॉगिन, वायफाय, फायरवॉल हे सगळं आपल्या राउटरकडे येतं. ही मागणी मान्य व्हायला सोपी पडते, कारण त्यांच्या डब्यातलं काही उघड करावं लागत नाही.

अर्ज मात्र लेखी मागितला. ग्राहक क्रमांक, पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि खाली चार मागण्या स्पष्ट लिहिल्या:
पीपीपीओई (ऑपरेटरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची पद्धत) यूजर नेम आणि पासवर्ड,
व्हीलॅन आयडी (ऑपरेटरच्या लाईनवर आपलं नेट ज्या क्रमांकाने येतं तो),
डबा ब्रिज मोडवर करून त्याचं वायफाय बंद करणे,
जुन्या डब्याचं मॅक बाइंडिंग काढणे.

चौथी मागणी विसरू नका, तिचं कारण पुढे येईल. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. घरी येण्याचे ३०० रुपये, पावतीसह. त्यानंतर वाट बघणं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि उंच नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर आडव्या आलेल्या वायरींची कामं निघतात, त्यामुळे माणूस यात्रेनंतरच मिळेल असं ऑफिसातून सांगितलं. सोलापुरात हे काम काढायचं असेल तर जानेवारीचा मधला पंधरवडा धरू नका.

त्या काळात राउटर घेतला, नवी पेठेतून. दुकानात रेंज आणि अँटेना यांवरच बोलणं होतं. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. डब्ल्यूपीए३, म्हणजे डब्ल्यूपीए२ नंतरची वायफाय सुरक्षेची पद्धत, आहे का? पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क आहे का आणि ते घरच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवता येतं का? पीपीपीओईसोबत व्हीलॅन आयडी टाकायची सोय आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं? हे दुकानदाराला विचारू नका. दुकानातच उभं राहून कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर आणि हार्डवेअर व्हर्जन टाकून बघा. खोक्यावर व्हर्जन १, व्हर्जन ४ असं छापलेलं असतं. नाव तेच, पण आतली चिप निराळी आणि फर्मवेअरही निराळं. दोन-तीन वर्षांत एकही अपडेट नसेल तर स्वस्त मिळाला तरी तो राउटर घेऊ नये. वायफाय ६ चा साधा राउटर २,९०० रुपयांना मिळाला, कॅट ६ ची तयार केबल १२० रुपयांना.

मिनी यूपीएस १,४०० रुपयांचा. याला सुरक्षेचा खर्च म्हणायचं कारण असं, की फर्मवेअर चढत असताना लाईट गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. त्या भीतीने लोक अपडेटच टाळतात. घेताना दोन्ही ॲडॅप्टरवरचे आकडे जुळवून घ्या. इथे डबा १२ व्होल्ट १ अँपिअरचा, राउटर १२ व्होल्ट १.५ अँपिअरचा होता. यूपीएसने १२ व्होल्टवर एकूण अडीच अँपिअर तरी द्यायला हवेत. ९ व्होल्टचा डबा १२ व्होल्टच्या पिनला लावू नका. पिन बसते, डबा जळतो.

नवा राउटर थेट फायबरला जोडायचा नाही. आधी लॅपटॉप केबलने त्याला जोडायचा, ॲडमिन पासवर्ड बदलायचा, दुसऱ्या इंटरनेटवरून उतरवून ठेवलेलं फर्मवेअर चढवायचं आणि मगच बाहेरची केबल. कारखान्यातल्या पासवर्डसह नेटवर आलेल्या यंत्राला शोधणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. २०१६ च्या मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर साठेक ठरलेल्या यूजर नेम-पासवर्डच्या जोड्यांवरच ताब्यात घेतले होते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लाईनमन आला. ब्रिज मोड लागला, राउटरमध्ये पीपीपीओई आणि व्हीलॅन भरलं, आणि नेट आलं नाही. इथे राउटर काय म्हणतो ते नीट वाचा. ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असं असेल तर व्हीलॅन आयडी चुकलाय किंवा केबल डब्याच्या ब्रिज न केलेल्या पोर्टमध्ये आहे. ‘ऑथेंटिकेशन फेल’ असेल तर यूजर नेम, पासवर्ड किंवा मॅक बाइंडिंग. आम्हाला दुसरा संदेश येत होता. ऑपरेटर ग्राहकाचं खातं एका मॅक पत्त्याशी बांधून ठेवतो आणि नवा राउटर त्याला परका वाटतो. अर्जात लिहिलेलं असूनही ते सोडवलं गेलं नव्हतं. पोच दाखवून ऑफिसला फोन केला, त्यांनी बाइंडिंग काढलं. तरीही जुनं सेशन सर्व्हरवर अडकलेलं असतं, म्हणून राउटर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून सुरू केला. मग जोडणी झाली. लाईनमनला हे सगळं होईपर्यंत थांबवून घ्या. तो गेला की पुढची भेट पुन्हा रांगेत.

तो असतानाच आणखी एक तपासा. ब्रिज झाला तरी डब्याचं स्वतःचं वायफाय चालू राहू शकतं, जुन्या नावाने आणि जुन्या पासवर्डने. फोनमध्ये वायफायची यादी उघडून जुनं नाव खरंच नाहीसं झालंय का बघा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींचं.

राउटरमधली सेटिंग मग शांतपणे केली. बाहेरून व्यवस्थापन म्हणजे रिमोट मॅनेजमेंट बंद. टेलनेट, एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून राउटरला आज्ञा देण्याच्या सोयी) असेल तर बंद. कंपनीचं मोबाइल ॲप वापरणार असाल तर त्या खात्यालाही वेगळा पासवर्ड हवा, कारण ते खातं म्हणजे ॲडमिनच. ॲप वापरायचं नसेल तर क्लाउड खातं जोडूच नका. टीआर-०६९ नावाची सोय दिसली तर स्वतःच्या राउटरवर ती बंद करावी. ऑपरेटरला दूरवरून सेटिंग बदलता यावी म्हणून ती असते आणि ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवरून आत येण्याच्या दारावर, ऐकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत याच पोर्टवरच्या हल्ल्याने एका कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी बंद पडली होती.

यूपीएनपी बंद करताना घरून विरोध होतो, ‘कॅमेरे बंद पडतील’ म्हणून. यूपीएनपी घरातल्या कुठल्याही यंत्राला न विचारता बाहेरच्या जगासाठी दार उघडू देतं, आणि डीव्हीआर ते हमखास उघडतात. बंद केल्यावर कॅमेरे मोबाइलवर पूर्वीसारखेच दिसत राहिले, कारण हल्लीचे डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडतात. डीव्हीआरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड मात्र वेगळा बदलावा लागतो. राउटर कितीही बंदोबस्तात ठेवला आणि डीव्हीआरवर १२३४५६ राहिलं तर उपयोग नाही.

डब्ल्यूपीए३ वर सगळं टाकायची इच्छा होते, पण स्मार्ट प्लग आणि जुना प्रिंटर अडून बसले. मिश्र म्हणजे डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ ठेवलं तरी प्लग जोडेनात. ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ ही जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांच्या संरक्षणाची सेटिंग सक्तीची असेल तर जुनी उपकरणं नाकारली जातात, ती ऐच्छिक करा. त्यानेही न जमल्यास ती उपकरणं गेस्ट नेटवर्कवर, २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए२ एईएसवर. प्लगची जागा तशीही गेस्टवरच. गेस्टवाल्यांना घरच्या नेटवर्कमधलं काही दिसू नये, ही खूण लावायला विसरू नका. तिचा परिणाम असा, की गेस्टवरून प्रिंट निघत नाही आणि टीव्हीवर मोबाइलचं चित्र टाकता येत नाही. प्रिंटर म्हणून घरच्या नेटवर्कवरच ठेवला. पाहुण्यांसाठी क्यूआर कोड छापून लावायचा तर गेस्टचाच लावा, कारण त्या चौकोनात पासवर्ड जसाच्या तसा असतो.

भाडेकरूंनाही सध्या गेस्ट नेटवर्क दिलंय. माझं स्पष्ट मत विचाराल तर त्यांनी त्यांच्या नावाने कनेक्शन घ्यावं. दोघांच्याही हिताचं तेच.

वायफायचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची यादी करून अडवणं, या दोन गोष्टी अजूनही सुचवल्या जातात. करू नका. लपवलेलं नाव साध्या प्रोग्रामला दिसतं, मॅक पत्ता नकलता येतो, आणि घरच्यांचाच त्रास वाढतो.

राउटरचं घड्याळ बघा. लॉगमध्ये तारीख १ जानेवारी १९७० दिसत असेल तर वेळ जुळलेली नाही. टाइम झोन +५:३० करा, नाहीतर कधी काय झालं हे लॉगवरून कळणार नाही. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या, जागी अनोळखी आकडे नाहीत ना, हेही पाहा. १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ यांपैकी एक भरता येतो. डीएनएस बदललेला राउटर बँकेचं नाव टाकल्यावरही भलत्याच पानावर नेऊ शकतो, त्यामुळे सुरक्षित जोडणीबद्दल ब्राउझरने इशारा दिला तर ‘पुढे चला’ दाबू नका.

शेवटी तपासणी. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर ऑपरेटरने अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवलंय. अशा वेळी शील्ड्सअपसारख्या साइटवरची पोर्ट तपासणी तुमच्या राउटरची नाही, ऑपरेटरच्या यंत्राची होते, तिच्या हिरव्या चौकोनांवर विसंबू नका. शिवाय आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर घरातल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरून दिसणारा स्वतंत्र पत्ता मिळतो. आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे ना, हे वेगळं बघावं लागतं.

सेटिंगचा बॅकअप काढून पेन ड्राइव्हवर ठेवला. त्यात पीपीपीओईचा पासवर्ड असतो, म्हणून ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. यूपीएस धरून सगळा खर्च ४,७२० रुपये.

राउटरमध्ये कुणी शिरल्याचा संशय आला, तर नुसतं बंद-चालू करून भागत नाही. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रामचा पहिला भाग राउटर पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राहत होता. केबल काढा, रिसेटच्या भोकात टाचणी दहा सेकंद दाबून धरा, फर्मवेअर नव्याने चढवा आणि मगच जोडा. हे फक्त आपल्या राउटरवर. ऑपरेटरच्या डब्यावर ती टाचणी लावली तर ब्रिज मोड आणि व्हीलॅन पुसलं जाऊन पुन्हा लाईनमनची वाट बघावी लागते. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, राउटर नंतर.